सात पिढ्यांत जुळं नाही, मग हे आलं कुठून?

“आमच्यात सात पिढ्यांत जुळं न्हाई. हिच्या म्हायेरीबी न्हाई. मग ह्ये आलं कुठनं, तेवढं सांगा.”

खुर्चीवर टेकायच्या आधीच सासूबाईंनी प्रश्न टाकला. पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला आणि माझ्यासमोर सरकवला, जास्तीचं आलेलं लाइटबिल ऑफिसात दाखवावं तसा. सून मागे दाराशीच उभी. तिला इथे सुजाता म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, बाकी घडलं तसं सांगते.

मी कोल्हापुरात एका प्रसूतिगृहाच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून बसते. जुळं आहे असं कळलं की डॉक्टर त्या घरच्यांना एकदा माझ्याकडे पाठवतात, आणि बहुतेक जणी हाच प्रश्न घेऊन येतात. घराण्यात कुणाला नाहीत, मग मलाच कशी? तोंडातला प्रश्न एकच असतो, त्याच्या पोटात काय दडलंय ते मात्र घराघरात वेगळं. कुठे खर्चाची धास्ती, कुठे सुनेवर संशय, कुठे नुसतं कौतुक. एकीला सासऱ्यांनी विचारलं होतं, कुणाच्या पंगतीत जोडकेळं खाल्लंस का? हा जोडकेळ्याचा आरोप इतक्यांदा ऐकलाय की आता मीच आधी सांगून टाकते, जोडलेलं खा नाहीतर सुटं खा, केळ्याने फक्त पोट भरतं.

सुजाता ३३ वर्षांची. मोठी मुलगी पहिलीत. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. दुसऱ्यासाठी तीन वर्षं वाट बघितली, दिवस राहत नव्हते, आणि राहिले ते दोघांचे. गावाजवळच्या एका सेंटरवर केलेली सोनोग्राफी होती. आठ आठवडे चार दिवस, दोन्ही बाळांचे ठोके चांगले. मी तो कागद दोनदा वाचला. मला जे हवं होतं तेच त्यात नव्हतं. बाळांना पोसणारी वार (प्लासेंटा) एक की दोन, याबद्दल एक अक्षर नाही.

ते बाजूला ठेवून मी आधी पाठकोरा कागद घेतला. सासूबाईंचा प्रश्न घराण्याचा होता, तर घराणंच मांडून बघू. आमच्या पद्धतीत पुरुषाला चौकोन, बाईला गोल. सुजाताचं माहेर पटकन झालं. आई, दोन मावश्या, आजी, सगळीकडे एकेक गोल, एकेक चौकोन. मग सासरकडे वळले. सासऱ्यांच्या बहिणी किती? तीन. थोरलीला चार मुलं, धाकटीला दोन. मधल्या बहिणीपाशी सासूबाई जरा थांबल्या.

“मधल्या वन्संना पैल्या खेपेला दोन झालीवती. एक चौथ्या दिशी गेलं. त्ये कशाला धरायचं?”

मी पेन तसंच धरून बसले. ‘ते कशाला धरायचं’ हे वाक्य मी पुष्कळ घरांत वेगवेगळ्या शब्दांत ऐकलंय. बाळंतपण घरी व्हायचं, जुळी बाळं बहुधा दिवस भरायच्या आत यायची, वजनाला कमी असायची. जगलं ते मोजायचं, गेलं त्याचं नावही ठेवलेलं नसायचं. दोन पिढ्यांनंतर घर छातीठोकपणे सांगतं, आमच्यात जुळी नाहीत. शिवाय सोनोग्राफी नव्हती तेव्हा सुरुवातीला दोन असून पुढे एकच वाढलेलं गरोदरपण कुणाला कळायचंही नाही. आजही तसं होतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन दिसतात आणि पुढच्या तपासणीला एकच उरतं. त्यामुळे ‘सात पिढ्या’ म्हणजे खरं तर आठवणीतल्या अडीच पिढ्या, त्याही जगलेल्यांच्या.

मी कागदावर मधल्या वन्संच्या गोलाखाली एकाच टोकातून निघणाऱ्या दोन रेषा काढल्या. सासूबाई वाकून बघत होत्या. “म्हंजे आमच्याकडनंच आलं म्हना की,” त्या म्हणाल्या. आवाजात ओशाळलेपण होतं आणि थोडा आनंदही. मला तो लगेच खोडावा लागला.

“मावशी, तुमच्याकडे कोंबड्या आहेत का?”

“हायत की धा-बारा.”

“दोन बलकांचं अंडं बघितलंय?”

“तलंग पैल्यांदा घालाय लागली की येतं कवा कवा.”

जुळ्यांचा एक प्रकार तसाच. बाईच्या बीजकोशातून महिन्याला एक बीज सुटायचं, त्याऐवजी एखाद्या महिन्यात दोन सुटतात, दोन्ही फळतात. ही द्विबीज जुळी. सख्ख्या भावंडांइतकीच एकमेकांसारखी, फक्त एका वेळी आलेली. दोन बीजं सुटायची ही ओढ काही घराण्यांत खरंच असते, पण ती बाईच्या शरीरातली गोष्ट आहे. बीज सुटतं ते सुजाताचं. तिच्या आईला किंवा बहिणीला अशी जुळी असती तर तिची शक्यता साधारण दुप्पट झाली असती. नवऱ्याच्या आत्याला दहा वेळा जुळी झाली असती, तरी त्याने सुजाताच्या बीजकोशाला काही फरक पडत नाही. पुरुष हा गुण आईकडून घेऊन स्वतःच्या मुलीला देऊ शकतो, म्हणून ‘एक पिढी सोडून येतात’ असं लोकांना वाटतं. पिढी सुटत नाही, पुरुषाच्या अंगात तो गुण नुसता झाकलेला राहतो. २०१६ साली संशोधकांनी जुळ्यांच्या आयांच्या जनुकांमध्ये दोन ठिकाणी फरक शोधून काढले. त्यातलं एक जनुक एफएसएच या संप्रेरकाचा भाग बनवतं. बीज पिकवायचं काम याच संप्रेरकाचं.

आणि घराण्याशी काही संबंध नसतानाही एफएसएच वाढू शकतं. वय हे त्यातलं मोठं कारण. पस्तिशीच्या आसपास बीजं कमी व्हायला लागतात, मेंदू जास्त जोर लावतो, आणि त्या जोरात एखाद्या महिन्यात एकाऐवजी दोन सुटतात. कोंबडीच्या बरोबर उलटं, तिथे कोवळी तलंग दोन बलकांचं घालते. उंच, अंगाने भरलेल्या, आधी बाळंतपणं झालेल्या बायकांमध्येही हे प्रमाण थोडं जास्त दिसतं. वंशावरही खूप अवलंबून आहे. नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये जुळी जगात सर्वांत जास्त, जपानमध्ये फार कमी, आणि आपणही कमीवाल्यांतच. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातलं कोडिन्ही हे गाव जुळ्यांसाठी टीव्हीवर दाखवतात, म्हणून लोक तिथल्या पाण्याबद्दल विचारतात. पाण्यात काही सापडलेलं नाही.

एक गोष्ट इथेच लिहून टाकते. दोन बीजांचं सांगितलं की अधूनमधून एखादा नवरा गप्प होतो, आणि जाताना दारातून परत येऊन विचारतो, “म्हणजे मॅडम, बाप दोन असू शकतात का?” जगाच्या वैद्यकीय इतिहासात अशा नोंदी आहेत, बोटांवर मोजण्याइतक्या. जुळं असणं हा त्याचा पुरावा कधीच होत नाही. जिथे संशय आधीपासून घरात असतो तिथे जुळं फक्त निमित्त होतं, आणि मग माझं काम जुळ्यांबद्दल राहतच नाही.

दुसरा प्रकार वेगळा. बीज एकच, फळतंही एकच, आणि पहिल्या दोन आठवड्यांत कधीतरी त्याचे दोन भाग होतात. ही एकबीज जुळी, हुबेहूब दिसणारी. जगात कुठेही जा, हजार बाळंतपणांत साधारण चार. योरुबांतही तेवढीच, जपानातही तेवढीच. आईचं वय, उंची, खाणं, घराणं, कशानेही हा आकडा फारसा हलत नाही. बीज का दुभंगतं याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. या प्रकारात ‘कुणाकडून आलं’ हा प्रश्नच लागू पडत नाही.

“मग ही कंची?” सासूबाईंनी पोटाकडे बोट केलं.

“ते अजून कळायचंय.”

आमच्याकडे माझा एक नियम आहे, पहिल्या भेटीत बाईशी दहा मिनिटं एकटीशी बोलायचं. मी सासूबाईंना खाली कँटीनला चहा घ्यायला पाठवलं. दार लागलं तशी सुजाता पहिल्यांदा खुर्चीवर बसली. पर्समधून हळदीकुंकवाला मिळालेला एक छोटा खणाचा बटवा काढला, त्याची नाडी सोडली. आत चार घड्या घातलेली गोळ्यांची स्ट्रिप. पाच खळगे, पाचही फोडलेले. उलटी करून मी नाव वाचलं. क्लोमिफीन, दिवस राहावेत म्हणून देतात ती गोळी.

“मावसबहिणीच्या उरलेल्या हुत्या,” ती म्हणाली. “ती म्हणाली, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस घे. मी घेतल्या. ह्यांना सांगितलं नाही, आईंना नाही. आता हे म्हणतात, कारखान्यातला एक जण म्हणला, गोळ्या घेतल्या की जुळी होतात. रोज रात्री विचारतात, काय घेतलंयस तू? मी नाही म्हणून बसले.” मग जरा वेळाने, “बाळांना काय होणार तर नाही?”

म्हणजे सासूबाईंचा प्रश्न घराण्याचा, आणि सुजाताचा प्रश्न या बटव्यात.

गोळ्यांबद्दल खरं ते सांगितलं. क्लोमिफीन मेंदूला फसवतं. त्याला वाटतं स्त्री-संप्रेरक कमी पडतंय, म्हणून तो जास्त एफएसएच सोडतो आणि बीज पिकतं, कधी एकापेक्षा जास्त. या गोळ्यांनी राहिलेल्या गरोदरपणांत शंभरात पाच ते दहा जुळी असतात, एरवी शंभरात एखादं. इंजेक्शनांनी हे प्रमाण आणखी वाढतं. टेस्ट ट्यूब उपचारात दोन-तीन गर्भ आत सोडले तर आणखी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जगात हजार बाळंतपणांमागे नऊ जुळी होती, आता बारा आहेत. २०२१ मध्ये शंभरावर देशांची आकडेवारी मांडणाऱ्या अभ्यासात हे आलं. वाढीचं मुख्य कारण हे उपचार, आणि उशिरा होणारी बाळंतपणं. बाळांच्या व्यंगाचं म्हणशील तर या गोळ्या बीज सुटायच्या आधी घेतलेल्या असतात, आणि त्यांनी व्यंगाचं प्रमाण ठळकपणे वाढल्याचं दिसलेलं नाही.

पण उरलेल्या गोळ्या मैत्रिणीला, बहिणीला देणं, यावर मी तिला जरा तोडूनच बोलले. ही गोळी सोनोग्राफीवर बीज बघत बघत द्यायची असते. किती बीजं पिकतायत ते कुणी बघितलंच नाही तर दोनच्या जागी तीनही येऊ शकतात. तिने मान खाली घातली. मला नंतर वाटलं, पाच मिनिटं थांबून बोलले असते तरी चाललं असतं.

“ह्यांना सांगू?”

“ते तू ठरव. माझ्याकडून या खोलीबाहेर काही जाणार नाही. पण डॉक्टरांना आज सांगायचं. आत्ता, मी सोबत येते.”

ते केलं. आणि डॉक्टरांनी बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी लिहून दिली. वर ठळक अक्षरांत, वार किती ते बघणे.

ही वार का महत्त्वाची ते सांगते, कारण घराघरात सगळी चौकशी घराण्याची होते आणि हे विचारायचं राहून जातं. द्विबीज जुळ्यांना प्रत्येकाची स्वतःची वार असते. एकबीज जुळ्यांमध्ये बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर वार दोन होतात, चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं तर बाळांभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या दोन पण वार एक, त्याहून उशीर झाला तर पिशवीही एकच. एकबीज जुळ्यांतली साधारण तीन चतुर्थांश एका वारेवर वाढतात. एका वारेवरच्या बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत आतल्या आत जोडलेल्या असतात. शंभरांतल्या दहा-पंधरा जोड्यांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जायला लागतं. एकाभोवती पाणी आटतं, दुसऱ्याभोवती वाढतं. बाहेरून आईला काही दुखत नाही, पोट नुसतं भरभर वाढतं. म्हणून वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. वार दोन असतील तर चार आठवड्यांनी भागतं. वार किती हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात स्पष्ट दिसतं. पुढे बघणाऱ्याला अवघड होत जातं.

सुजाताची तपासणी झाली तेव्हा मी आत होते. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. दोन बाळांच्या मधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे वारेचा त्रिकोणी तुकडा पडद्यात शिरलेला असेल तर वार दोन. इथे तसं काही नव्हतं. केसासारखा बारीक पडदा थेट काटकोनात येऊन टेकला होता, इंग्रजी टी उलटा ठेवावा तसा.

“एक वार, दोन पिशव्या,” डॉक्टर म्हणाल्या.

सुजाताने माझ्याकडे बघितलं. तिला मी आधी सगळं समजावलं होतं, त्यामुळे जोड तिने स्वतःच लावली. “म्हणजे बीज एकच हुतं?”

“एकच.”

“मग गोळ्यांनी नाही झालं?”

शंभर टक्के नाही असं मी म्हणाले नाही. उपचारांनंतर, त्यातही टेस्ट ट्यूबनंतर, एकबीज जुळीही किंचित जास्त दिसतात. पण क्लोमिफीनचं काम जास्त बीजं सोडायचं, आणि इथे फळलं होतं ते एकच. गोळीने तिला दिवस राहायला मदत केली असेल. त्या एकाचे दोन झाले ते बहुधा आपसूक, हजारातल्या त्या चारांसारखे. इतके दिवस ती ज्या गोष्टीसाठी रात्री खोटं बोलत होती, ती बहुतेक कारणच नव्हती.

मला वाटलं ती हसेल. ती रडली. जेल पुसायला दिलेल्या कागदानेच डोळे पुसले.

नवऱ्याला तिने त्याच आठवड्यात सांगितलं, पुढच्या भेटीत मला कळलं. तो रात्रपाळीला निघताना, चप्पल घालता घालता. “म्हटलं, बसून बोलायला लागले तर बोलायचीच नाही.” स्ट्रिप दाखवली. तो दारात उभा राहिला, मग म्हणाला, “पाच दिवस एकटीच घेत हुतीस?” आणि कामावर गेला. रागावला का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, “दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच मावसबहिणीला फोन लावला आणि तिला झापलं.”

सासूबाईंना गोळ्यांचं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांना मात्र वारेचं पटलं होतं. घरच्या कालनिर्णयवर एक आठवडा सोडून एक गुरुवार, असे लाल पेनने गोल केले होते, सुजाताने मोबाइलवर फोटो दाखवला. गावाहून वडापने यायच्या, सुनेला खिडकीशी बसवायच्या, येताना डब्यात नाचणीची भाकरी आणि गूळ-शेंगदाणे. जुळ्यांच्या आईचं रक्त लवकर कमी होतं, बीपी आणि साखरेवरही जास्त लक्ष ठेवावं लागतं. सुजाताचं रक्त चोविसाव्या आठवड्यात उतरलं होतं, लोहाची इंजेक्शनं द्यावी लागली. बाविसाव्या आठवड्यात एका बाळाभोवती पाणी जरा कमी दिसलं, तेव्हा तीन आठवडे दर सात दिवसांनी बोलावलं. ते तीन आठवडे सासूबाई ओपीडीच्या बाकावर माळ घेऊन बसायच्या. पुढे पाणी सावरलं.

मधे एकदा त्यांनी विचारलं, “ती फॉलिकची गोळी सुरवातीला घेतलीवती, त्यानं तर न्हाई न्हवं?” हाही धसका पुष्कळ जणींना असतो. चीनमध्ये जवळपास अडीच लाख बायकांची पाहणी झाली, फोलिक अ‍ॅसिडने जुळी वाढलेली दिसली नाहीत. ती गोळी बाळाच्या मणक्यासाठी असते, ती या भीतीने कुणी सोडू नये.

छत्तीसाव्या आठवड्यात सिझर झालं. एका वारेच्या जुळ्यांना त्याच्या फार पुढे थांबवत नाहीत. बाळं दोन किलो शंभर आणि एक किलो नऊशे, दोन्ही मुली. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. पुढचं आमच्या सिस्टरनी सांगितलं.

बाळं बाहेर आणून दाखवली, सगळे त्यांच्याभोवती जमले. सासूबाईंनी नातींची तोंडं बघितली, मीठ-मोहऱ्या घरी गेल्यावर उतरीन म्हणाल्या, आणि सिस्टरना बाजूला घेऊन विचारलं, वार बघायला मिळेल का? तसं कुणी मागत नाही. सिस्टरनी डॉक्टरांना विचारलं आणि स्टीलच्या ट्रेमधून आणून दाखवली. सासूबाईंनी चष्मा लावला. बोट न लावता, वरच्या वर, इकडून तिकडे नीट बघितलं.

“एकच हाय की,” त्या म्हणाल्या. “नाळा दोन.”